थोरलीचं अरुंद पान

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांची तब्येत विचारून झाली, आता वही. हिचा गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे, जिना उतरताना फक्त दोनदा "आई गं" ऐकू आलं. सुनेचा खोकला सुटला, आवाज मात्र अजून फाटक्या भोंग्यासारखा. ताईचा फोन येऊन गेला. तिची साखर ठीक, जीभ त्याहून ठीक. मग मागच्या अंगणातल्या पॉलीहाऊसमधली मंडळी. पहिली ओळ मजेत. दुसऱ्या ओळीतल्या चौथीला तहान लागली होती, तिचं पाणी नळीत अडकलं होतं. तिसरी ओळ लाडावलीय, सुतळी सोडून शेजारणीच्या गळ्यात पडते. पाचव्या ओळीतली ती अरुंद पानांची पंधरा झाडं नाजूकच, पण फळ धरलंय गुणी पोरींनी. दोन वर्षांपूर्वी ताईच्या गावच्या बाजारातून एक टणक टोमॅटो मी खिशात घालून आणला होता, त्याचं रक्त आहे त्यांच्यात. पानं अशी बारीक, नक्षीदार, जणू कोणी बसून कातरलीयत.

एकशे चाळीस झाडं. एकेकीच्या पानावरून हात फिरवल्याशिवाय माझी फेरी पुरी होत नाही. हात लावल्याशिवाय खुशाली कळत नाही, हे माझं जुनं मत. ही म्हणाली, "माझ्या गुडघ्यावरून इतक्या मायेनं कधी हात फिरवला नाहीत."

मी म्हणालो, "तुझ्या गुडघ्याला फुटवे येत नाहीत."

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून आगाऊ फुटवा निघतो, तो मी नखानं खुडतो. सुरी नाही, कात्री नाही. चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले, त्यात शाळा थोडी आणि वाचन फार झालं. अंगठ्याचं नख मात्र असं तयार झालंय की कुठल्याही पात्यानं लाजावं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज रोपांचा रविवार. दरवर्षीप्रमाणे मंडळातले सगळे रोपं न्यायला आले. मंडळ म्हणजे आम्ही अडतीस भाजीवाले. कुणाचं पॉलीहाऊस, कुणाची गच्ची, दोघातिघांचं पोट त्यावरच. माझा वाण "थोरली" सव्वीस वर्षांचा. मुलीसारखी वाढवली, दरवर्षी सगळ्यात चांगल्या फळांचं बी ठेवलं. नवं बी जुन्याच बरणीत टाकायचं, ही माझी पद्धत. जुन्यानवीन बियांची एकमेकांशी ओळख राहावी म्हणून. आमच्या मंडळातले मास्तर याला हसतात. हसोत.

रोप हातात देण्याआधी त्याचं सगळ्यात खालचं पान मी माझ्या नखानं खुडतो. त्याला सगळे "पहिली खूड" म्हणतात. त्याशिवाय कोणी रोप नेत नाही. आज दोनशे दहा रोपं खुडली, अंगठा हिरवागार झाला. मास्तर म्हणाले, "तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे हा, दस्तऐवजावर चालेल." बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, वर्षभर मी या दिवसाची वाट बघतो.

बगळा शेवटी आला. बगळा म्हणजे माझा शेजारी, दोन कुंपणांपलीकडचा. उंच, किडकिडीत, एक पाय वाकवून उभा राहतो म्हणून तरुणपणी मीच हे नाव ठेवलं, आता त्याची बायकोही त्याच नावानं हाक मारते. त्याचं सगळं घर पॉलीहाऊसवर चालतं. तो विकत आणलेली संकरित रोपं लावतो आणि कडेला एक ओळ थोरलीची. "मैत्रीखातर," म्हणतो. पाच वर्षांपूर्वी तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा मी त्याला थोरलीच्या बियांचं पाकीट दिलं होतं. आज विचारलं, "ते पेरलंस का रे कधी?"

"छट्. तू गेलास की पेरीन. तुझी आठवण नको काही?"

"लेका, मी शंभरी गाठणार आहे."

"मग बी कुजेल. चुकी तुझी."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी, म्हणजे बगळ्याची बायको, कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, जरा येऊन बघता का? हे सकाळपासून तोंडातून शब्द काढत नाहीत."

गेलो. अर्ध्या पॉलीहाऊसमधली पानं हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची, शेंड्याकडची सुरकुतलेली. फळांवर तपकिरी खरखरीत डाग, जणू कुणी गरम चमच्यानं डागलंय. बगळा पायरीवर बसला होता.

"विकत आणलेल्या रोपांना रोग येत नाही असं लिहून दिलं होतं नर्सरीवाल्यांनी," तो म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

"झाडांना वाचता येत नाही रे."

हसला नाही. मी एकेक झाड हाताळून पाहिलं. पान चोळून वास घेतला, फळ दाबून पाहिलं, सत्तर-ऐंशी झाडं तरी. आजार त्या कडेला सुरू झालेला दिसतो, जिथे थोरलीची ओळ आहे, आणि तिथून आत गेलाय. पण खुद्द थोरली? टवटवीत! एक-दोन पानं थोडी बारीक, बस. मी म्हणालो, "बघ, आजाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलीय आणि तिला काही होत नाही. याला म्हणतात रक्त." हे त्याच्यासमोर बोलायला नको होतं. घरी येताना कळलं.

मन इतकं जड झालं की घरात न जाता सरळ पॉलीहाऊसमध्ये गेलो आणि पुन्हा एकदा सगळ्यांवरून हात फिरवला. तेव्हा कुठे बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पांढऱ्या माशीचं काम असणार. चिकट पिवळे कागद टांगले, साठ टांगले. संध्याकाळपर्यंत माशा तीन आणि माझी बाही एकदा.

२ मार्च, रविवार

मंडळाची तातडीची बैठक, मास्तरांच्या व्हरांड्यात. अकरा जणांकडे तोच आजार. सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं कुठल्याही झाडाचं काही बिघडलं की मलाच बोलावतात. गेल्या आठ दिवसांत मी नऊ ठिकाणी जाऊन आलो, एकेका झाडाची नाडी बघितली. दमलो, पण नाही म्हणवत नाही.

कुणीतरी विचारलं, "आलं कुठून हे?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "माझं म्हणाल तर सरळ आहे. थोरली कुठेच आजारी नाही. आजारी आहेत ती संकरित. बाहेरून विकत आणलेली रोपं आपल्यात पहिल्यांदा कोणी आणली हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही नको नको म्हणत होतो."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, व्हरांडा केवढासा. बगळा उठला, चप्पल पायात सरकवली. दाराशी थांबून म्हणाला, "सांगायचं होतंस तर कुंपणापाशी सांगायचंस. तिथे काय मी ऐकलं नसतं?" आणि गेला. छत्री विसरला. ती कोणी मला दिली नाही, मीही मागितली नाही.

घरी आल्यावर ही म्हणाली, "खरं असलं तरी तुम्ही बोलायला नको होतं."

"खरं असेल तर का नको?"

"कारण तो तुमचा आहे."

५ मार्च, बुधवार

बगळ्यानं सगळं पॉलीहाऊस उपटून काढलं. सगळं. गाडी भरून नेताना मी खिडकीतून पाहिलं. थोरलीची ओळही गेली. एवढी चांगली झाडं! राग आला, मग रागाची लाज वाटली. दोन कुंपणं ओलांडायला पाय उचलला नाही.

११ मार्च, मंगळवार

भाची आली. ताईची धाकटी. लहानपणी माझ्या खिळ्यांच्या पेटीत हात घालून शिसं चाटायची, आता प्रयोगशाळेत पिकांच्या व्हायरसवर काम करते. मंडळानं अर्ज केला होता, तिला पाठवलं. दारात उभी राहून बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, हातमोजे घातले.

"घरात येतेस की ऑपरेशन करतेस?" मी विचारलं.

"मामा, तू आज झाडांना हात लावलास?"

"रोज लावतो."

"मग आजपासून नको." आणि हसलीसुद्धा नाही. मला राग आला. तिच्या बापाच्या वयाच्या माणसाला त्याच्या झाडांना हात लावू नको म्हणते! तिनं दुधाच्या पावडरीचं पाणी कालवलं, त्यात हात बुडवायला लावले. साबणापेक्षाही हे बरं पडतं म्हणे, दुधातलं काहीतरी त्याला चिकटून त्याला निकामी करतं. ही म्हणाली, "चहाला दूध उरलं नाही आणि यांच्या हातांना अभ्यंगस्नान."

चहा झाल्यावर (कोरा) तिनं मला समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मजा आली. माशीचा संबंधच नाही म्हणाली. हा पसरतो स्पर्शानं. एका झाडाचा रस बोटाला, कपड्याला, सुतळीला लागला आणि तो दुसऱ्या झाडाच्या ओरखड्यात गेला की झालं. मी म्हणालो, म्हणजे गबाळी माणसं ज्यांच्याकडे आहेत त्यांचं कठीण. तिनं माझ्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं.

"आणि बियांच्या सालीवरूनही," ती हळूच म्हणाली.

हा सगळा प्राणी म्हणजे सहा हजार चारशेच्या आसपास अक्षरांचा मजकूर. चारच प्रकारची अक्षरं! माझ्या पेटीला तीनशे खण होते, याचं चारांत भागतं. चारपानी पत्रकाएवढा मजकूर आणि अख्ख्या पॉलीहाऊसला आडवं करतो. हा नवा म्हणजे बहुधा दोन जुन्या व्हायरसांच्या पानांची सरमिसळ. आमच्याकडे बांधणीत एका पुस्तकाचा फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, दुसऱ्यात शिवला जायचा, तसं काहीसं. आणि शिवाय काही अक्षरं बदललेली.

"मग बगळ्याची ती रोग न येणारी रोपं?"

"त्या रोपांत एक जनुक असतं, मामा. पहारेकरीच समज. त्याच्याकडे जुन्या चोराचा फोटो आहे. पन्नास वर्षं त्यानं तो चोर ओळखला, दारातच अडवला. हा नवा मिशी काढून आलाय. पहारेकरी सलाम ठोकून आत सोडतो."

"आणि थोरली? तिच्याकडे पहारेकरीच नाही, तरी ती आजारी पडत नाही."

"ती आजारी पडत नाही की आजार दाखवत नाही?"

काय पण प्रश्न. मी म्हणालो, तुमच्या शिक्षणात माणसाला सरळ उत्तर देता येत नाही.

मग मी तिला कॅलेंडरची गोष्ट सांगितली. एका वर्षी माझ्याच हातून एका कॅलेंडरात एप्रिलची एक तारीख दोनदा पडली. दुसऱ्या वर्षी बाजारात आणखी तीन छापखान्यांची कॅलेंडरं, तिन्हीत एप्रिलची तीच तारीख दोनदा! मालक म्हणाला, चोरांना पकडायला तुझी चूक कामाला आली. भाची टाळी वाजवून म्हणाली, "मामा, आम्ही नेमकं हेच करतो! नक्कल होताना व्हायरसकडून चुका होतात, त्या पुढच्या नकलांत उतरतात. सगळ्यांच्या चुका जुळवून पाहिल्या की कोण कोणावरून निघालं त्याची वंशावळ काढता येते. फक्त जुना नमुना लागतो. जुनी वाळलेली पानं आहेत कोणाकडे?"

मी उडालोच. माझ्याकडे! मी दरवर्षी वहीत थोरलीचं एक पान दाबून ठेवतो. माळ्यावरून सव्वीस वह्या उतरवल्या. तिनं गेल्या पाच वर्षांची पानं चिमट्यानं उचलून पिशव्यांत घातली, पॉलीहाऊसमधल्या तीस झाडांचंही एकेक ताजं पान घेतलं. दोन वर्षांपूर्वीचं अरुंद पान मी स्वतः तिला उघडून दाखवलं. "हे सगळ्यात देखणं. आमच्या घरात नवा गुण आला तो या झाडापासून. बी जपून ठेवलंय, बरणीत आहे."

तिनं पान उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. "हो," म्हणाली, "देखणं आहे."

१२ मार्च, बुधवार

हात लावायचा नाही. ओळींमधून मागे हात बांधून फिरलो, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. कोणाचीच खुशाली कळली नाही.

१९ मार्च, बुधवार

आता एकवीस जणांकडे. मास्तरांचीही झाडं गेली. वहिनी कुंपणापाशी दिसल्या, मी हात वर केला, त्या वाळत घातलेल्या चादरीमागे गेल्या. चादर तशी सुकलेली होती.

२९ मार्च, शनिवार

भाची आली. फोनवर सांगणार नाही म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. कागदावर वंशावळ छापून आणली होती, आडवी, फांद्या उजवीकडे. प्रत्येक फांदीच्या टोकाला आकडा. कोणाचं पॉलीहाऊस कुठल्या आकड्याचं ते फक्त तिला ठाऊक.

मी चष्मा पुसून बसलो. मुद्रितं वाचायची चाळीस वर्षांची सवय, तिला फार बोलावं लागलं नाही. सगळ्या नमुन्यांत एक बदललेलं अक्षर समान. काहींत त्याखेरीज आणखी एक, काहींत आणखी दोन. ज्यात तो एकच बदल आहे आणि पुढचा एकही नाही, असा फक्त आकडा एक, डाव्या बाजूला, सगळ्या फांद्या जिथून फुटतात तिथे.

"हा जुन्यात जुना," मी म्हणालो. "पहिली आवृत्ती."

"हो."

"हे एकोणीस आणि वीस कोण?"

"ते उपटलेलं पॉलीहाऊस. उपटण्याआधी मंडळानं अर्जासोबत तिथली पानं पाठवली होती. वीस म्हणजे तिथली कडेची ओळ, एकोणीस म्हणजे आतली संकरित. वीसचं अक्षर अन् अक्षर तुझ्या घरातल्या आजच्या झाडांशी जुळतं. एकोणीसमध्ये एक जास्त आहे."

म्हणजे बगळ्याच्या संकरितांनी थोरलीवरून घेतलं. थोरलीनं त्यांच्यावरून नाही. हे मला तिनं सांगितलं नाही, मी वाचलं. चूक ज्याच्यात जास्त, तो नंतरचा.

"आणि माझ्या घरातली?"

"एकशे चाळीसमधल्या आम्ही तीस तपासल्या. तीसच्या तीसांत व्हायरस आहे, मामा. ती दिसायला धडधाकट असते, पण तिच्या अंगात भरपूर असतो."

"आणि ही पहिली आवृत्ती?" मी विचारलं.

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. आत ते अरुंद पान. "त्याच्या आदल्या वर्षाचं पान स्वच्छ आहे. त्याआधीचीही. मामा, पान अरुंद होणं हा गुण नाही. ते लक्षण आहे."

मग घाईघाईनं म्हणाली, "वंशावळ फक्त नातं सांगते. कोणी कोणाला दिलं हे ती शपथेवर सांगत नाही. अहवालात नुसते आकडे आहेत, नावं नसतात. तुझं नाव कुठेही येणार नाही."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गुडघ्यावर हात ठेवून.

३० मार्च, रविवार

अहवालात नावं नसतात.

हे वाक्य आज दिवसभर माझ्या मागेपुढे फिरतंय. आकडा वीस म्हणजे कोण, हे आकडा वीसलाही कळणार नाही. आकडा एक म्हणजे कोण, हे मी, भाची आणि ही सोडून कोणाला कळणार? लोक रोग आला म्हणतात, रोग गेला म्हणतात. बगळ्याच्या रोपांनी आणला, एवढंच लोकांच्या लक्षात राहील. पुढच्या वर्षी रोपांचा रविवार परत होईल. खोटं न बोलता जमेल सगळं, नुसतं गप्प राहून.

हे मी लिहिलंय. खोडत नाही. पण मी असा विचार केला, हे उद्या मलाच वाचायला लागेल.

१ एप्रिल, मंगळवार

दोन वर्षांपूर्वीची वही उघडली. माझंच अक्षर. त्यातलं जसंच्या तसं उतरवतो:

"११ ऑक्टोबर. ताईकडून परत. बाजारात असा टोमॅटो मिळाला की पंधरा दिवस टेबलावर राहूनही सुरकुती नाही. वरती थोडे तपकिरी डाग आहेत, पण साल काय टणक! फोडून बी काढलं. त्याच हातांनी थोरलीचे फुटवे खुडून घेतले, म्हटलं दोघींची ओळख होऊ दे."

मी हे हसत हसत लिहिलं होतं. त्या पानावर टोमॅटोच्या रसाचा डागही आहे, दोन वर्षं वहीत सुखानं राहिलेला.

त्यानंतर दोन रोपांचे रविवार. चारशेच्या वर रोपं. एकेका रोपाचं खालचं पान, एकाच नखानं. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस नऊ आजारी घरांची विचारपूस, हातानं, आणि प्रत्येक घरातून पुढच्या घरी. लोक म्हणायचे, तुम्ही आलात की बरं वाटतं.

३ एप्रिल, गुरुवार

थोरली उपटली. सगळ्या ओळी. हातमोजे घालून. सुनेनं आणि हिनं मदत केली. सुतळ्या, ट्रे, माझा जुना सदरा, सगळं पिशव्यांत बांधून भाचीनं सांगितल्याप्रमाणे जाळायला गेलं. पाचवी ओळ शेवटी उपटली. फळं पिकली होती. चाखली नाहीत.

बरणी उरली. भाचीला फोन करून विचारलं, जुनं बी तरी वाचेल ना? तिनं विचारलं, "गेल्या दोन वर्षांचं वेगळं ठेवलंयस?"

नाही ना. ओळख राहावी म्हणून एकत्र ठेवलंय. सव्वीस वर्षांचं बी एका बरणीत, आणि वरून त्या पंधरा अरुंदांचं. बी धुता येतं, पण या बरणीवर ती भरवसा ठेवणार नाही म्हणाली. मीही नाही.

बरणी आगीत टाकताना ही माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "त्यांच्याकडे पाकीट असेल अजून."

"कोणाकडे?"

"कोणाकडे म्हणून काय विचारता? तुम्ही गेलात की पेरणार होते ना."

पाच वर्षांपूर्वीचं पाकीट. त्या बाजारातल्या टोमॅटोच्या तीन वर्षं आधीचं. साऱ्या जगात स्वच्छ थोरली असेल तर त्या एका पाकिटात. आणि ते बगळ्याच्या घरात.

मी म्हणालो, आधी त्याची क्षमा मागायची आणि मग लगेच बी? शोभतं का? ही म्हणाली, "मग आधी मंडळात जा. बी नंतर मागा."

६ एप्रिल, रविवार

मास्तरांच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर सांगितलं. वही घेऊन गेलो होतो, ११ ऑक्टोबर वाचून दाखवलं. पहिली खूड, नऊ घरं, सगळं. मागच्या बैठकीत मी ज्याच्यावर बोट ठेवलं त्याला तो रोग माझ्याकडून गेला, हेही, नाव घेऊन. त्याचं खरं नाव घेतलं, बगळा नाही.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ज्याचं सगळं पोट त्यावर आहे असा एक जण उठून बाहेर गेला. मास्तर म्हणाले, "आम्हीच हात पुढे करत होतो हो." मला ते ऐकवलं नाही.

बगळा आला नव्हता. त्याची छत्री अजून कोपऱ्यात होती. ती मी पुसून घेतली आणि मास्तरांकडेच ठेवली. माझ्या हातून त्याच्या घरी काही जायला नको.

८ एप्रिल, मंगळवार

पत्र लिहिलं. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवतो, कारण याचं उत्तर नाही आलं तरी मी काय लिहिलं ते मला आठवायला हवं.

"बगळ्यास,

वहिनींची तब्येत कशी आहे? त्यांचा खांदा धरला होता, तो सुटला का? तुझं रक्तदाबाचं काय, गोळी वेळेवर घेतोस की अजून उशीखाली लपवतोस? मुलगी घरी येऊन गेली का? आणि पॉलीहाऊस? रिकामं पॉलीहाऊस कसं दिसतं ते आता मलाही ठाऊक आहे, म्हणून विचारतो.

मास्तरांनी तुला सांगितलं असेलच. तरी माझ्या तोंडून, म्हणजे माझ्या हातानं: रोग तुझ्याकडून आला नाही. माझ्याकडून तुझ्याकडे गेला. मैत्रीखातर तू जी ओळ लावत होतास तीतून गेला, आणि नंतर तुला धीर द्यायला म्हणून मी जी सत्तर-ऐंशी झाडं चोळून पाहिली, त्यातून आणखी गेला. आणि वर मी व्हरांड्यात उभा राहून बोललो. तू म्हणालास, कुंपणापाशी सांगायचं होतंस. हे मी कुंपणापाशीच सांगायला निघालो होतो. दोन्ही पाय तयार होते. पण भाची म्हणाली, अजून काही आठवडे कोणाच्या घरी जायचं नाही, कपड्यांवरून जातो. तेव्हा हे पत्र. हातमोजे घालून लिहिलंय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. एरवी माझं अक्षर तुला ठाऊक आहे. वाचून झालं की कागद जाळ आणि दुधाच्या पावडरीच्या पाण्यात हात बुडव. हसू नकोस, खरंच बुडव.

तू नवीन लागवड करशील तेव्हा सुतळी, ट्रे सगळं नवं घे. खुडायला पात्याची कात्री ठेव, एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याच दुधाच्या पाण्यात बुडवून घे. नख लावू नकोस. हे मी लिहितोय, मी.

आता मागणं. हे आधी लिहिणार नव्हतो, पण न लिहिणं हेही एक प्रकारचं लपवणंच झालं, आणि ते मी दोन दिवस करून बघितलंय. थोरली गेली. बरणीसकट गेली. तुला दिलेलं ते पाकीट असलं, आणि माझ्यावरच्या रागानं तू ते चुलीत घातलं नसशील, तर ते स्वच्छ आहे. घातलं असलंस तरी मी एक शब्द बोलणार नाही. असलं तर माझ्याकडे पाठवू नकोस. माझ्या हातात ते यायला नको. भाची येऊन घेऊन जाईल, तपासेल, आणि मग ते तूच पेर. तुझ्या घरात, तुझ्या हातानं. मी कुंपणापलीकडून बघीन.

'तू गेलास की पेरीन' असं तू म्हणाला होतास. मी अजून गेलेलो नाही, पण एवढ्यावरून अडून बसू नकोस.

दारात येऊ नकोस. हाक मारू नकोस, हाक ऐकली तर मी येईन. नुसतं लिही. दोन ओळी लिही, शिव्या लिही, पण लवकर लिही. वाट बघतोय."